एका हॉलमधले दोन आवाज: कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं रूम करेक्शनचं एक प्रकरण

तक्रार दोघांची होती आणि एकमेकांच्या अगदी उलट होती. मुलाचं म्हणणं, सोफ्यावर बसलं की बास पोकळ लागतो, मग दहा इंची सबवूफर घेऊन उपयोग काय? वडिलांचं म्हणणं, त्यांच्या खुर्चीत सगळं घुमतं आणि गाण्यातले बोलच कळत नाहीत. घर तेच, होम थिएटरची यंत्रणा तीच आणि दोघांच्या बसायच्या जागांत पाच-साडेपाच फुटांचं अंतर. दोघंही खरं सांगत होते.

घरात वडिलांना सगळे आण्णा म्हणतात, म्हणून इथंही तेच लिहितो. आण्णांचे कान देवल क्लबच्या मैफली आणि केशवराव भोसले नाट्यगृहातली संगीत नाटकं ऐकून तयार झालेले. अल्लादियाखाँसाहेब ज्या गावात दरबारगायक होते, त्या गावात ख्याल चार हातांवरून ऐकायची सवय लागलेली माणसं अजून आहेत. त्यांना तानपुऱ्याची जवारी ऐकू आली नाही तर बाकी सगळं व्यर्थ वाटतं. मुलाचा उद्यमनगरात मशीन शॉपचा धंदा आहे. दिवसभर लेथच्या आवाजात काढल्यावर रात्री त्याला सिनेमा दणक्यात हवा असतो. आण्णा मला पहिल्याच भेटीत म्हणाले, ‘‘डग्गा लागलाय का घुमकं, तेच कळंना झालंय बघ.’’ हे वाक्य मी वहीत तसंच उतरवून घेतलं, कारण डग्गा आणि घुमकं ही दोन्ही खालच्या आवाजाची वाद्यं, आणि दुखणं नेमकं कुठल्या पट्टीत आहे हे त्यातच आलं होतं.

खोली आणि यंत्रणा

हॉल पहिल्या मजल्यावर. लांबी १६ फूट, रुंदी ११ फूट, स्लॅबपर्यंत उंची १० फूट. भिंती विटांच्या, त्यावर सिमेंटचा गिलावा, खाली व्हिट्रिफाइड टाइल. पडदे पातळ. एका बाजूला काचेच्या दारांचं शोकेस, त्यात चहाचे सेट आणि कुस्तीच्या जुन्या ढाली. टीव्ही अकरा फुटांच्या भिंतीवर, समोरच्या भिंतीला टेकून सोफा. आण्णांची वेताची खुर्ची उजव्या भिंतीजवळ, सोफ्याच्या थोडी पुढं, कारण तिथं खिडकीचा उजेड येतो आणि पेपर वाचता येतो.

यंत्रणा ५.१. पुढं उभे दोन स्पीकर, मध्ये सेंटर, मागं दोन छोटे सराउंड, आणि सबवूफर टीव्हीच्या उजव्या कोपऱ्यात. कोपरा मोकळा होता आणि तिथं प्लग होता, एवढंच त्यामागचं कारण. सगळे स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरमध्ये ऑडिसी कंपनीची रूम करेक्शन होती. यामाहाच्या रिसीव्हरमध्ये हेच काम वायपीएओ करतं, काही ब्रँडांमध्ये डिराक लाइव्ह असतं. नावं वेगळी, मूळ कल्पना एकच: ऐकायच्या जागी माईक ठेवायचा, प्रत्येक स्पीकरमधून चाचणीचा आवाज सोडायचा, खोलीनं त्या आवाजाचं काय केलं ते मोजायचं आणि त्याच्या उलट फिल्टर लावायचा.

यंत्रणा बसवून द्यायला आलेल्या माणसानं ही मोजणी केली होती. वहिनी तेव्हा हॉलमध्येच होत्या, त्यामुळं ती कशी झाली हे मला व्यवस्थित कळलं. माईक सोफ्याच्या पाठीवर ठेवलेला. आठही मोजण्या सोफ्याच्या मधल्या जागेपासून वीतभर इकडं-तिकडं. मे महिना, त्यामुळं पंखा चालू. मध्येच कुकरची शिट्टी झाली. आण्णांच्या खुर्चीकडं माईक एकदाही गेला नाही.

आधी ढीग उपसला

माईक बाहेर काढण्याआधी मी नेहमी एक काम करतो: आवाज वाटेत कुठं कुठं बदलला जातोय, ते कागदावर मांडतो. बहुतेक घरांत खरी अडचण इथंच सापडते. इक्वलायझर एकाच ठिकाणी असतो अशी आपली समजूत असते, पण प्रत्यक्षात फोनपासून सबवूफरच्या मागच्या बटणापर्यंत प्रत्येकानं आपापला हात मारलेला असतो.

या घरात निघालं ते असं. मुलगा फोनवरून ब्लूटूथनं गाणी लावायचा, आणि फोनच्या ॲपमध्ये ‘रॉक’ हा तयार इक्वलायझर चालू होता. त्यात खालचा आणि वरचा आवाज उचललेला, मधला, म्हणजे गळ्याचा, दाबलेला. तो फोनमध्येच लागून मग पुढं जातो, त्यामुळं रिसीव्हरला त्याचा पत्ताच नसतो. रिसीव्हरमध्ये करेक्शनचा फिल्टर. त्यावर डायनॅमिक ईक्यू चालू. पुढचे स्पीकर ‘लार्ज’ आणि सबवूफरचा मोड ‘एलएफई + मेन’ (एलएफई म्हणजे सिनेमातला खास बासाचा वेगळा ट्रॅक), म्हणजे तोच बास पुढचे स्पीकरही वाजवणार आणि सबवूफरही. नंतर मुलानं सबवूफरची पातळी रिमोटनं ६ डेसिबल वर नेलेली. सबवूफरच्या पाठीवरचं व्हॉल्यूमचं बटण तीन वाजल्याच्या जागी, आणि त्याच्या शेजारचं क्रॉसओव्हरचं, म्हणजे कुठल्या कंप्रतेच्या खालचंच सबवूफरनं वाजवायचं ते ठरवणारं, बटण ६० हर्ट्झवर.

यातली प्रत्येक गोष्ट कधी ना कधी कुणीतरी चांगल्या हेतूनं केलेली होती. सोफ्यावर बास कमी लागतो म्हणून पातळी वाढवली. आण्णांना घुमतं म्हणून कुणीतरी सबवूफरचं क्रॉसओव्हर खाली आणलं. त्यानं सिनेमातला बास अर्धवट झाला म्हणून ‘एलएफई + मेन’ आलं. एका दुरुस्तीवर दुसरी दुरुस्ती चढत गेली आणि कुठली कशासाठी होती हे घरात कुणालाच आठवत नव्हतं.

डायनॅमिक ईक्यूबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्याच्याबद्दल गैरसमज फार आहे. आवाज लहान केला की आपल्या कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा जास्त वेगानं कमी होताना जाणवतात. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं. त्यामुळं हळू आवाजात ऐकताना बास थोडा वाढवून देणं यात तत्त्वतः काही चूक नाही. पण किती वाढवायचा, हे मूळ रेकॉर्डिंग किती मोठ्या पातळीवर ऐकण्यासाठी मिक्स केलंय त्यावर ठरतं. सिनेमाला ठरलेली संदर्भ पातळी असते, म्हणून तिथं ऑफसेट, म्हणजे त्या पातळीपासूनचा फरक, शून्य चालतो. गाण्यांना तशी पातळी नसते, आणि बहुतेक गाणी सिनेमापेक्षा चढी मिक्स केलेली असतात. म्हणून ऑफसेटला ५, १० आणि १५ डेसिबल असे पर्याय दिलेले आहेत. या घरात ख्यालापासून बातम्यांपर्यंत सगळं शून्यावर चालत होतं. रात्री आण्णा हळू आवाजात तबला ऐकायचे तेव्हा डायनॅमिक ईक्यू बास भरभरून ओतत होता.

सगळं बंद केलं. फोनमधला इक्वलायझर सपाट, करेक्शन बंद, डायनॅमिक ईक्यू बंद, सबवूफरची पातळी शून्यावर. मग आण्णांच्या आवडीचा एक विलंबित ख्याल लावला आणि सबवूफरची वायर काढून टाकली. आण्णा खुर्चीत सरळ होऊन बसले. बोल कळायला लागले होते. वरच्या स्वरांत आम्ही काहीच बदललं नव्हतं. खालचा मोठा आवाज वरच्या लहान आवाजाला झाकून टाकतो, हा आपल्या कानाचा गुणच आहे, त्यामुळं बोल अस्पष्ट येत असतील तर ट्रेबल वाढवण्याआधी बास तपासावा. ट्रेबल वाढवून अस्पष्टपणा घालवायचा प्रयत्न केला की आवाज कर्कश होतो आणि बोल तरीही बासाखाली राहतात.

मोजणी

मोजणी पहाटे केली. राजारामपुरीत सकाळी आठनंतर रिक्षा, दूधवाले, शाळेच्या बस यांत सूक्ष्म काही मोजता येत नाही. पंखा बंद, फ्रिज तेवढ्यापुरता बंद, खिडक्या लावलेल्या. पंख्याचा आवाज आपल्याला सवयीनं ऐकू येत नाही, पण माईकला येतो, आणि त्याचा बराचसा भाग खालच्या पट्टीतच असतो.

साधनं साधी: लॅपटॉप, यूमिक-१ हा यूएसबी माईक, त्याच्या सीरियल नंबरप्रमाणं मिळणारी कॅलिब्रेशन फाइल, आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर. माईक स्टँडवर, कानाच्या उंचीला, सोफ्याच्या पाठीपासून सुटा. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तिच्यावर बरंच काही अवलंबून असतं. भिंत कानापासून फूटभर मागं असेल तर परावर्तित आवाज दोन फूट जास्त चालून येतो, आणि २८० हर्ट्झच्या आसपासपासून वर आलेखात एकामागून एक खड्डे पडत जातात. डोकं जरा हललं की ते खड्डेही हलतात. पहिल्या मोजणीत माईक सोफ्याच्या पाठीवर असल्यामुळं करेक्शननं असे खड्डे भरायचा प्रयत्न केला होता. आण्णांना वरचे स्वर कोरडे, कापल्यासारखे का लागत होते याचं बरंच उत्तर त्यात होतं. करेक्शनच्या गणिताला दोष देण्यात अर्थ नाही. माईकनं जे ऐकलं त्यावर तिनं बरोबर काम केलं होतं.

मोजण्याआधी मी कागदावर हिशेब केला होता. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची अर्धी लाट बरोबर मावते तिथं खोली स्वतः घुमते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला तर लांबीसाठी, म्हणजे १६ फुटांसाठी, ३५ हर्ट्झ आणि त्याच्या दुप्पट ७० हर्ट्झ. रुंदीसाठी ५१. उंचीसाठी ५७. आलेखात हेच आकडे बाहेर आले. सोफ्याच्या मध्यावर, करेक्शन बंद असताना, ३५ हर्ट्झला सरासरीपेक्षा १० डेसिबलचा डोंगर, ७० ला ७ डेसिबलचा, आणि मध्ये ५० च्या आसपास ७ डेसिबलची दरी. आण्णांच्या खुर्चीत चित्र उलटं: ७० चा डोंगर गायब, पण ५१ हर्ट्झला ९ डेसिबल वर.

आता करेक्शन चालू करून पुन्हा मोजलं, तेव्हा भांडणाचं मूळ सापडलं. सोफ्यावरची ५० हर्ट्झची दरी भरण्यासाठी करेक्शननं ती पट्टी ६ डेसिबल उचलली होती. सबवूफर एकच आहे, त्याला सोफा आणि खुर्ची वेगळी कळत नाहीत. सोफ्यासाठी उचललेले ६ डेसिबल आण्णांच्या खुर्चीतल्या ९ वर जाऊन बसले. तिथं ५१ हर्ट्झला १५ डेसिबलचा डोंगर उभा राहिला. डग्ग्याचा प्रत्येक घुमारा त्यात अडकून लांबत होता.

का, ते समजून घेणं गरजेचं आहे. रुंदीची पहिली घुमणूक दोन्ही बाजूंच्या भिंतींजवळ सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असते. सोफ्याची मधली जागा त्या शून्यावर. आण्णांची खुर्ची उजव्या भिंतीला लागून, म्हणजे शिखरावर. सबवूफर कोपऱ्यात, म्हणजे तोही शिखरावर, आणि कोपऱ्यातला सबवूफर खोलीतली प्रत्येक घुमणूक पुरेपूर जागी करतो. इक्वलायझर एका जागेची दरी भरू शकतो असं वाटतं, पण तो भरतो दुसऱ्याच्या जागेत.

त्याला किंमतही मोजावी लागते. ३ डेसिबल वाढवायला ॲम्प्लिफायरला दुप्पट ताकद लागते, ६ ला चौपट, १० ला दहापट. दरी भरण्याच्या नादात सबवूफरचा पुढं-मागं हलणारा पडदा आपल्या मर्यादेपर्यंत हलतो आणि सिनेमातल्या मोठ्या आवाजाला त्याच्याकडं शिल्लक काहीच उरत नाही. डोंगर कापायला मात्र काहीच लागत नाही, उलट ताकद वाचते. त्यामुळं कापायचं मनमोकळं आणि उचलायचं कंजूषपणानं, असं माझं धोरण आहे.

मोजणीत आणखी एक गोष्ट सापडली. ७० हर्ट्झच्या आसपास स्वीप, म्हणजे खालून वर सरकत जाणारा चाचणीचा सूर, आला की आलेखात एक खरखर दिसायची. मुलगा म्हणाला, ‘‘सबवूफर फाटतोय, वॉरंटीत देऊया काय?’’ आम्ही ७० हर्ट्झचा अखंड सूर लावला आणि हॉलभर कान लावत फिरलो. शोकेसच्या काचेवर हात ठेवला आणि खरखर थांबली. हात काढला की सुरू. काचेच्या सरकत्या दारांच्या खाचेत वेल्व्हेटची पट्टी बसवली आणि ढाली एकमेकींपासून सुट्या केल्या. सबवूफर धडधाकट होता. वॉरंटीवर पाठवण्याआधी घरातल्या काचा, ग्रिल, ट्यूबलाइटच्या पट्ट्या, स्टीलची भांडी यांवर एकदा हात ठेवून बघावं.

जागा आधी, फिल्टर नंतर

सबवूफर कुठं ठेवावा हे शोधायची जुनी युक्ती आम्ही वापरली: सबवूफरच सोफ्यावर, ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा, आणि आपण भिंतीलगत रांगत ऐकायचं. आवाजाचा स्रोत आणि ऐकणारा यांची अदलाबदल केली तरी दोघांमधला मार्ग तोच राहतो, त्यामुळं जिथं रांगताना बास सारखा लागतो तिथं सबवूफर ठेवला की सोफ्यावरही तसाच लागतो. मुलगा सोफ्याचं कव्हर बाजूला करून सबवूफर वर ठेवत होता, तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘‘अहो, पाहुणे आले तर काय म्हणतील?’’ पण पाच मिनिटांत त्याही त्याच्यामागून वाकून ऐकत होत्या. उजव्या कोपऱ्याजवळ सूर फुगत होता, टीव्हीच्या खाली भिंतीच्या मध्याकडं येताच आवळत होता. पुढं सबवूफर आण्णांच्या खुर्चीवर ठेवून हेच पुन्हा केलं. उत्तर तेच आलं.

कारण सरळ आहे. रुंदीची घुमणूक मध्यावर शून्य असते, हे ऐकणाऱ्याला जितकं लागू तितकंच वाजवणाऱ्यालाही. मध्यावरचा सबवूफर ती घुमणूक जागीच करत नाही. टीव्ही भिंतीवर टांगलेला होता, त्याखालचं लाकडी युनिट दीड फूट सरकवलं आणि सबवूफर मध्यापासून फूटभर डावीकडं बसला. अगदी मध्यावर जागा नव्हती, पण फूटभरानं फारसं बिघडत नाही.

सोफा मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढं घेतला. यावर घरात सर्वांत जास्त चर्चा झाली, कारण सोळा फुटांतून दीड फूट जाणं म्हणजे येण्या-जाण्याची वाट अरुंद होणं. पण भिंतीला चिकटून बसणं म्हणजे लांबीच्या सगळ्या घुमणुकींच्या शिखरावर बसणं. कान भिंतीपासून अडीच फुटांवर आल्यावर ७० हर्ट्झ ५ डेसिबलनं उतरला, ३५ मात्र एखाद्या डेसिबलनंच. हिशेबातही साधारण तेवढंच येत होतं.

पुन्हा मोजलं. आण्णांच्या खुर्चीतला ५१ हर्ट्झचा डोंगर, कुठलाही फिल्टर न लावता, ९ वरून २ डेसिबलवर आला. सोफ्यावर ५० जवळ दरी राहिली, पण आता शेजारचा ७० चा डोंगर खाली आल्यामुळं ती तेवढी खोल वाटत नव्हती. आणि मुख्य म्हणजे आता दोन्ही जागांचा आलेख एका घाटाचा झाला. एवढं जमलं की मग इक्वलायझरला करण्यासारखं काम उरतं.

मुलानं विचारलं, भिंतींवर फोम लावायचा का? सोफ्यामागं जाड घोंगडं टांगायला मी सांगितलं आणि समोर सतरंजी अंथरायला. टाळी वाजवली की हॉलमध्ये जो झणझणाट यायचा तो त्यानं निवला, वरच्या स्वरांना फायदा झाला. ३५ हर्ट्झची लाट मात्र जवळपास दहा मीटर लांब असते, इंचभर फोमला किंवा घोंगड्याला ती दाद देत नाही. कोपऱ्यात चिकटवायचे फोमचे तुकडे ‘बास ट्रॅप’ म्हणून विकले जातात, त्यावर या घरानं पैसे घालू नयेत असं मी स्पष्ट सांगितलं.

करेक्शन पुन्हा, पण कुंपण घालून

सबवूफर हलला की जुनी करेक्शन निकामी होते. तिच्यातला प्रत्येक फिल्टर जुन्या जागेसाठी असतो. म्हणून जुनं सगळं पुसून मोजणी नव्यानं केली.

त्याआधी सबवूफरचं क्रॉसओव्हर बटण कमाल जागेवर नेलं, कारण हे काम आता रिसीव्हर करणार होता आणि दोन क्रॉसओव्हर एकामागून एक लावले की मध्ये खड्डा पडतो. व्हॉल्यूमचं बटण असं लावलं की मोजणीनंतर रिसीव्हरनं दाखवलेली पातळी शून्याच्या आसपास येईल. ती उणे १२ ला जाऊन टेकली असती तर सबवूफरचा आवाज फार मोठा ठेवलाय आणि रिसीव्हरचा हात संपलाय, असा अर्थ झाला असता. पहिली मोजणी सोफ्याच्या मध्यावर, कारण स्पीकरची अंतरं आणि पातळ्या त्या पहिल्या जागेवरूनच ठरतात. उरलेल्यांपैकी काही सोफ्याच्या दोन्ही टोकांना, काही आण्णांच्या खुर्चीभोवती. पंखा बंद, कुकर बंद.

निकालात रिसीव्हरनं सबवूफरचं अंतर टेपनं मोजलेल्यापेक्षा बरंच जास्त दाखवलं. मुलगा ते दुरुस्त करायला निघाला होता, त्याला थांबवलं. सबवूफरच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळं आवाजाला थोडा उशीर होतो, आणि रिसीव्हर तो उशीर फुटांत मांडतो. आवाजाला एक फूट जायला ०.९ मिलिसेकंद लागतात. तो आकडा टेपशी जुळवला तर सबवूफर आणि पुढचे स्पीकर क्रॉसओव्हरजवळ एकमेकांना मारायला लागतात. पुढचे स्पीकर पुन्हा ‘लार्ज’ आले होते. ते मात्र ‘स्मॉल’ केले, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, आणि सबवूफरचा मोड नुसता ‘एलएफई’.

आता कुंपण. लहान खोलीत एका ठरावीक कंप्रतेच्या खाली खोली राज्य करते आणि वर स्पीकर. ही सीमा भौतिकशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांच्या सूत्रावरून काढता येते. आपल्या हॉलचं आकारमान सुमारे ५० घनमीटर, आवाज विरायला साधारण ०.६ सेकंद, तर सीमा २२० हर्ट्झच्या जवळपास. त्याखाली माईकनं मोजलेलं आणि कानानं ऐकलेलं बऱ्यापैकी जुळतं. त्यावर माईक सगळ्या दिशांचा आवाज एकत्र बेरीज करून दाखवतो, तर कान आधी थेट आलेला आवाज वेगळा ओळखतो. म्हणून चांगल्या स्पीकरचा वरचा आवाज खोलीतल्या आलेखावरून सरळ करायला जाणं मला पटत नाही. कॅनडात आणि पुढं हार्मन या ऑडिओ कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी केलेलं कामही याच दिशेचं आहे: ऐकणाऱ्यांना खोलीत खालून वर हळूहळू उतरत जाणारा आवाज आवडतो, फुटपट्टीसारखा सपाट नाही.

ऑडिसीच्या फोनवरच्या ॲपमध्ये करेक्शन कुठपर्यंत लावायची हे ठरवता येतं. ती २५० हर्ट्झला थांबवली. सुमारे २ किलोहर्ट्झपाशी मुद्दाम ठेवलेला जो हलका उतार असतो, तो बंद केला. काही स्पीकरांना तो मानवतो, आण्णांच्या बोलांना नाही. ३५ हर्ट्झचा डोंगर करेक्शननं ८ डेसिबल कापला, आणि तो नुसता लहान झाला नाही, त्याचं रेंगाळणंही कमी झालं. ५० जवळची दरी ३ डेसिबलच उचलली. आता आण्णांच्या खुर्चीत तिथं २ डेसिबलच जास्त असल्यामुळं हे उचलणं कुणाच्या डोक्यावर पडलं नाही.

मुलानं हलगी-घुमक्याचं एक रेकॉर्डिंग लावलं. हलगीचा कडकडाट वर आणि घुमक्याचा दणका खाली, दोन्ही सुटे ऐकू आले. तो म्हणाला, ‘‘नाद खुळा.’’ आण्णा तोवर काही बोलले नव्हते. त्यांनी स्वतःचा ख्याल लावून घेतला, आणि तानपुरा सुरू झाल्यावर हातानंच आवाज थोडा वाढवायची खूण केली.

सेटिंग राखणं

चांगलं सेटिंग लागणं एक आणि ते टिकणं दुसरं. या घरात दोन माणसांना दोन वेगळे आवाज हवे होते आणि तसे हवे असणं रास्त होतं. रिमोटवर क्विक सिलेक्टची बटणं आहेत, त्यात करेक्शन, डायनॅमिक ईक्यू आणि त्याचा ऑफसेट साठवता येतो. पहिल्या बटणावर सिनेमा: डायनॅमिक ईक्यू चालू, ऑफसेट शून्य. दुसऱ्या बटणावर आण्णांची गाणी: डायनॅमिक ईक्यू बंद. तिसऱ्यावर बातम्या आणि मालिका: चालू, पण ऑफसेट १०. वहिनींनी रिमोटवर पट्टी चिकटवून मराठीत नावं लिहिली. चौथं बटण मुद्दाम रिकामं ठेवलं, प्रयोगांसाठी. मुलाला काही वाढवून बघायचं असेल तर त्यानं ते तिथं करावं.

फोनमधला इक्वलायझर बंदच राहील असं ठरलं. आवाजात बदल हवा असेल तर तो रिसीव्हरमध्येच, दुसरीकडं कुठंही नाही. मुलाला ‘रॉक’ची उणीव भासू नये म्हणून सिनेमाच्या बटणावर सबवूफर २ डेसिबल चढा ठेवला. आण्णांची खुर्ची आता त्यानं त्रासत नाही.

सबवूफरच्या मागच्या दोन्ही बटणांच्या जागेवर नेलपॉलिशचा ठिपका दिला, कारण झाडताना हात लागतो आणि बटण फिरतं. सोफ्याच्या पायांच्या जागी टाइलवर पारदर्शक टेप. सगळ्या स्क्रीनचे फोटो काढून तारीख टाकून ठेवले, आणि सेटिंगची फाइल लॅपटॉपवर उतरवून घेतली. फर्मवेअर अपडेटनंतर कधीकधी सगळं पुसलं जातं, तेव्हा हे कामाला येतं. एक शंभरपानी वही रिसीव्हरखाली ठेवली: काय बदललं, का बदललं, कुणाच्या सांगण्यावरून. एका वेळी एकच बदल, आणि दोन-तीन दिवस ऐकल्याशिवाय दुसरा नाही. कानाला नव्या आवाजाची सवय व्हायला वेळ लागतो. पहिल्या तासात ‘बास गेला’ असं वाटतं, कारण घुमण्यालाच बास म्हणायची सवय झालेली असते.

काही गोष्टी राहिल्या आहेत. पुढचे स्पीकर भिंतीपासून दीड फुटावर आहेत, त्यामुळं त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज १८५ हर्ट्झच्या आसपास त्यांनाच कापतो आणि तिथं एक दरी पडते. ती करेक्शननं भरायचा मी प्रयत्न केलेला नाही. स्पीकर आणखी पुढं घेतले तर ती खाली सरकेल, पण मग बाल्कनीचं दार उघडत नाही. दुसरा सबवूफर मागच्या भिंतीच्या मध्यावर ठेवला तर ३५ हर्ट्झचा डोंगर मुळातूनच कमी होईल. लांबीची पहिली घुमणूक समोरासमोरच्या दोन सबवूफरांनी बरीच मरते. मुलाची त्याला तयारी आहे, वहिनींची नाही. आणि गणपतीत आरास टीव्हीच्या भिंतीलाच असते. तेव्हा सबवूफर आठवडाभर कोपऱ्यात जाईल. त्या दिवसांसाठी करेक्शन बंद आणि सबवूफर ४ डेसिबल खाली, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.